बांधाजवळची अडई

"वैजे, तिथं काय तुझ्या बापानं हंडा पुरून ठेवलाय का?"

मी बांधावरून ओरडले तेव्हा आमची सून पाणकणसाच्या कडेला उभी होती. पोट हे एवढं पुढं आलेलं, कमरेवर कळशी, आणि कळशी रिकामी. पाणी आणायला म्हणून गेली ती केव्हाची. चुलीवरचं आधण आटायला लागलं तेव्हा मी बघायला निघाले.

ती दचकली. मला घाबरायचीच ती. घाबरावंच सुनेनं, असं माझं तेव्हा मत होतं.

"अडई बसलीय, आत्याबाई," ती कुजबुजली.

"बसू दे की. तुला काय तिच्या मांडीवर बसायचंय?"

तरी मी वाकून बघितलं. पाणकणसाच्या बुडाशी गवत दाबून केलेलं घरटं, आणि त्यात ती तपकिरी बदकीण मान आखडून बसलेली. तिचा नर थोडा पलीकडं पाण्यात. आमच्याकडं बघून त्यानं बारीक शीळ घातली.

"पिलं पाण्यात उतरताना मला बघायचीत," वैजयंता म्हणाली. "माझं यायच्या आत."

"पक्षी बघायचे डोहाळे मी तरी जन्मात ऐकले नाहीत," मी म्हटलं. "चल. आधण जळालं."

आमचं घर नदीच्या खोलगट अंगाला. पुढची सगळी जमीन चिबड. ज्वारी नाही, ऊस नाही, म्हैस शिरली तर पोटापर्यंत रुतायची. आम्ही भोई, आम्हाला जमिनीचं दुःख नव्हतं. पाण्यात जाळं टाकायचं, मासा काढायचा, आणि थंडीत पाखरं उतरली की पाखरं. मग सरकारनं ती सगळी दलदल पक्ष्यांसाठी राखून ठेवली. पाट्या लागल्या, लाकडी मनोरा उभा राहिला, गळ्यात दुर्बिणी अडकवलेली माणसं यायला लागली. माझा रंगनाथ त्यांना होडीतून फिरवायचा. अंगात खाकी शर्ट, तोंडात पक्ष्यांची नावं. ज्या पाखरांना आम्ही रश्शात ओळखायचो त्यांना तो लांबून, उडताना ओळखायला लागला. आणि आपल्या बापाला सांगायला लागला, "अप्पा, आता पाखराला हात लावायचा नाही. माझी नोकरी जाईल." बापानं ऐकलं. माझे मालक सगळ्यांचंच ऐकायचे, तेवढाच त्यांच्यात दोष.

वैजयंताला माहेर नव्हतं. आई लहानपणी गेली, मामीनं वाढवलं, आणि लग्न लावून दिल्यावर मामीनं परत दार उघडलं नाही. पहिल्या खेपेला पाचव्या महिन्यातच तिचं पोट रिकामं झालं होतं. त्यावर ती रडली असेल, पण माझ्यासमोर नाही. या खेपेला तिनं काही मागितलं नाही. चिंच नाही, कैरी नाही, माती नाही. सगळ्या बायकांना काहीतरी खावंसं वाटतं, हिला काहीच कसं वाटत नाही, म्हणून मी मनातून धास्तावले होते. तोंडानं मात्र म्हणायचे, "बरं आहे, खर्च वाचला."

आणि आता ही रोज बांधावर. सकाळी जायची, संध्याकाळी जायची. त्या एकाच अडईकडं टक लावून उभी राहायची.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मला वाटलं तसं. तिला ती खायची होती, आणि म्हणायला लाजत होती.

हे मला कळण्याचं कारण होतं. रंगनाथाच्या वेळी मी याच बांधावर अशीच उभी राहायचे. एक काळा चांदवा होता, कपाळावर पांढरा टिळा असलेला, रोज त्याच जागी पोहायचा. त्याच्यावर माझी नजर बसली होती. सासूला म्हटलं तर सासू म्हणाली, "राणी लागून गेलीस का?" नवऱ्यानं चोरून दुसरा आणला, तर तो घशाखाली उतरेना. मग रंगनाथ झाला, आणि चार वर्षांचा होईपर्यंत त्याच्या तोंडातून लाळ गळायची. अंगरखा सदा ओला. बायका हसायच्या, "भिवरा, हौस राहिली गं पोराची." मी तेव्हाच ठरवलं होतं, माझ्या सुनेची हौस राहू द्यायची नाही. आणि दुसरी-तिसरी वस्तू देऊन फसवायचं नाही. ज्यावर नजर गेली तीच पोटात गेली पाहिजे.

श्रावण होता म्हणून गप्प बसले. पोळा झाला, आणि गणपती यायच्या आधीचे मोकळे दिवस आले, तेव्हा मालकांना म्हटलं, "सुनेला अडई पाहिजे."

ते जाळ्याचा फाटका कोपरा विणत होते. सुई थांबली. "तिनं मागितली?"

"सुना मागतात का? मागायला लागल्या म्हणजे कलियुग आलं म्हणायचं."

"रंगाला कळलं तर?"

"रंगाला सांगायला मी चाललेय का? आणि तुम्ही सांगितलंत तर बघा."

"अगं, बाजारातून कोंबडी आणतो. चांगली गावठी."

"तिची नजर काय कोंबडीवर आहे?"

"मग पलीकडच्या कोपऱ्यात अडयांचा थवाच आहे. तिथली एखादी..."

"बांधाजवळचीच पाहिजे," मी म्हटलं. "तिनं जिच्याकडं बघितलं तीच. मागं दुसरा चांदवा आणून तुम्ही काय दिवे लावले ते विसरलात? दोन-दोन दुपटी रोज धुतलीत मी."

त्यांनी जाळं बाजूला ठेवलं. नंतर हळूच म्हणाले, "अंड्यांवर आहे ती."

"असू दे. सून पण पोटुशी आहे," असं मी म्हटलं. म्हणजे माझ्या तोंडातून हेच शब्द निघाले. त्या दोन गोष्टी मीच शेजारी शेजारी ठेवल्या, आणि मला काही दिसलं नाही.

रंगनाथ त्या दिवशी साहेबांबरोबर तालुक्याला गेला होता. दिवस कलताना मालक भिजून घरी आले, पिशवी ओट्यावर ठेवली आणि हात धुवायला गेले. बराच वेळ धूत राहिले.

मी अडई सोलली, पिसं चुलीत घातली. खोबरं भाजलं, कांदा भाजला, पाट्यावर मसाला वाटला. अशा पाखराला वशाट वास असतो, तो मारायला लसूण जास्त लागतो. ते माझ्या हाताला माहीत होतं. मी एवढ्या मायेनं घरात कधी काही शिजवलं नव्हतं. वैजयंताला चुलीजवळ येऊ दिलं नाही. "बस तिकडं पाय पसरून," म्हटलं. पाय पसरायची परवानगी तिला या घरात पहिल्यांदाच मिळत होती.

तिच्यासमोर ताट ठेवलं, भाकरी चुरून दिली, वर रस्सा वाढला. मीही समोर बसले. सुनेच्या समोर सासू वाढायला बसलीय, हे आमच्या आळीत कुणी बघितलं असतं तर तोंडात बोट घातलं असतं.

तिनं एक घास घेतला. मग थांबली. वासावरून असेल, हाडावरून असेल.

"आत्याबाई, हे काय आहे?"

"ओळख बघू."

तिनं ताटाकडं बघितलं. "अडई?"

"मग!"

"कुठली?"

"कुठली म्हणजे? तीच, बांधाजवळची. तू जिच्याकडं डोळे लावून बसायचीस तीच. मी काय तुला भलतीसलती आणून फसवेन?" मी फुशारून गेले होते. "तोंडानं बोलली नाहीस तरी सासूला कळतं, बरं का. खा. सगळं संपव. ठेवायचं नसतं."

ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, हिला गहिवरून आलं. मीच डोळे पुसले.

आणि तिनं खाल्लं. शेवटच्या घासापर्यंत खाल्लं. हाडं एका कडेला ओळीनं लावून ठेवली. ताट उचलायला गेले तर म्हणाली, "राहू द्या आत्याबाई, मी घासते." त्या दिवशी ताट तिनंच घासलं.

बाहेर नर शीळ घालत होता. घरावरून जायचा, बांधावर जायचा, परत घरावर यायचा. मी म्हटलं, "या मेल्याला काय झालं आज?"

रंगनाथ सकाळी आला तोच रागानं लाल होऊन. वाटेतच बांध लागतो.

"आई, बांधाजवळच्या अडईला कुणी हात लावला?"

मालक जाळ्यात तोंड घालून बसले. मी कमरेला पदर खोचला. मी काय कुणाला भिते? सांगणारच होते, हो, मी शिजवली, तुझ्याच पोरासाठी. तोंड उघडणार, तेवढ्यात आतून वैजयंता आली.

"मुंगूस होतं," ती म्हणाली. "काल संध्याकाळी मी बघितलं."

"तू बघितलंस?"

"हो. लांबून. मला पळता येईना."

रंगनाथ मऊ पडला. बायकोच्या पोटाकडं बघितलं, तिच्या खांद्यावर हात ठेवला. "तू मनाला लावून घेऊ नकोस. मला माहीत आहे, तू रोज जायचीस."

"नाही लावून घेत," ती म्हणाली, आणि भाकरी थापायला गेली.

मला वाटलं, शहाणी निघाली पोरगी. नवऱ्याची नोकरी वाचवली, सासूची अब्रू वाचवली. मी तिच्यावर मनातून खूश झाले. इतकी खूश, की दुपारी तुळसाक्काला बांधाकडच्या बाजूला बोलावून हळूच सगळं सांगितलं. शेजारीण ती, पण बहिणीसारखी. "बघ, सुनेची हौस पुरवली." तुळसाक्कानं माझ्या गालावरून हात फिरवून बोटं मोडली. "सासू असावी तर अशी," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी खुराडं झाडायला गेले. माझी एक कोंबडी खुडूक होती, पोळ्याच्या आधीपासून रिकामीच बसायची. तिला उठवायला हात घातला तर तिनं चोच मारली. आणि हाताला अंडी लागली. गावठी कोंबडीची नव्हेत. गोलसर, दुधावर साय असते तशा रंगाची.

मागं वळून बघते तर वैजयंता उभी. साडीचा काठ चिखलानं वाळून कडक झालेला, पोटऱ्यांवर गवताचे ओरखडे. ते ओरखडे कालपासून होते. माझंच लक्ष नव्हतं.

"ही कुठली?" मी विचारलं, तरी मला कळलं होतं.

"तिची."

"तू पाण्यात उतरलीस? या पोटानं? अगं, पाय घसरला असता म्हणजे? अक्कल गहाण टाकलीस का? आतमध्ये कंबरभर गाळ आहे, म्हशी रुतल्यात तिथं, म्हशी!"

ती ऐकून घेत होती, नेहमीसारखी. माझा दम संपल्यावर म्हणाली, "कोंबडीला चालत नसेल तर काढते."

"तुला ती खायची नव्हती?" मी विचारलं.

"नाही, आत्याबाई."

"मग रोज काय बघायचीस?"

ती खुराड्याच्या जाळीला धरून म्हणाली, "तिला सांगायचे. तू आधी, मग मी. तुझी सुखरूप पाण्यात उतरली की माझंही होईल. मागच्या वेळी माझं झालं नाही ना. कुणाला विचारणार? तीच एक समोर बसलेली असायची."

"मग खाल्लंस कशाला? ताट फेकायचं होतंस माझ्या अंगावर!"

"तुम्ही समोर बसून वाढलं होतंत," ती म्हणाली. "तुम्ही कधी बसत नाही."

मला त्या वेळी काहीतरी बोलायला हवं होतं. माझ्या तोंडाला आख्खं गाव टरकून असायचं. पण मी खराटा उचलला आणि झाडलेलंच अंगण परत झाडलं.

गणपती बसले. एका पहाटे तिला कळा सुरू झाल्या. रंगनाथनं जीप आणली. जीपमध्ये चढता चढता तिनं माझं मनगट धरलं. घामानं हात निसटत होता, तरी धरला.

"आत्याबाई, खुराड्याकडं बघाल?"

या घरात आल्यापासून तिनं माझ्याकडं मागितलेली ही पहिली गोष्ट.

"बघते," म्हटलं. "तू तुझं बघ."

जीप गेली. मी थेट खुराड्याकडं गेले, तर खुडूक मोडलेली. कोंबडी अंगणात दाणे टिपत फिरत होती, जशी काही तिची जबाबदारीच नव्हती. धरून परत बसवली, उठली. डालग्याखाली कोंडली, तर अंडी तुडवायला लागली. शिव्या दिल्या तेवढ्या दिल्या. शेवटी अंडी काढून घेतली. तव्यावर भाताचा भुसा जरा कोमट केला, जुन्या लुगड्यात घातला, त्यात अंडी ठेवली, आणि ते गाठोडं ओटीत घेऊन ओसरीवर बसले. वरून गोधडी.

मालक म्हणाले, "हे काय चालवलंय?"

"जेवायला तुमचं तुम्ही वाढून घ्या," म्हटलं.

ती तालुक्याला होती तोवर मी असंच केलं. उठावं लागलं की मालकांच्या मांडीवर गाठोडं ठेवायचे, आणि ते देवळातल्या नंदीसारखे हलायचे नाहीत. रात्री कुशीवर झाले नाही. रंगनाथाच्या वेळीही मी इतकी जपून झोपले नव्हते. दवाखान्यातून निरोप आला, मुलगी झाली, दोघी सुखरूप. मी हात जोडले, आणि जोडलेले हात परत गोधडीत घातले.

तिला घरी आणलं त्या दिवशी आळी जमली होती. दारात भाकरतुकडा ओवाळायचा, पायांवर पाणी घालायचं, बाळाला आत घ्यायचं. हे सगळं सासूचं काम. तुळसाक्कानं ताट तयार करून ठेवलेलं. जीप थांबली, वैजयंता उतरली, दुपट्यातलं बाळ छातीशी.

"भिवरा, ऊठ की गं," तुळसाक्का म्हणाली.

मी उठणारच होते. गाठोडं मालकांकडं द्यायला हात उचलणार, तोच तळव्याखाली काहीतरी हललं. बारीक. आतून टकटक केल्यासारखं. परत हललं. आता गाठोडं हलवलं आणि फुटत असलेलं अंडं गार पडलं तर?

"ऊठ ना, सून उभी आहे दारात!"

"तू ओवाळ," मी म्हटलं.

सगळ्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मागून कुणीतरी म्हणालं, आणि हळू म्हणालं नाही, "मुलगी झाली ना. म्हणून." रंगनाथचं तोंड उतरलं. सांगितलं असतं तर एका वाक्याचं काम होतं. पण काय सांगायचं? ओटीत काय आहे ते सांगायचं, तर ती कुणाची ते सांगावं लागलं असतं, आणि रंगनाथ समोर उभा होता. मी गोधडी आणखी पुढं ओढून घेतली. तुळसाक्काला ठाऊक होतं त्यातलं अर्धं, पण उरलेलं अर्धं तिलाही ठाऊक नव्हतं. तिनं चिडून भाकरतुकडा ओवाळला आणि माझ्या पायाशीच टाकल्यासारखा टाकला.

वैजयंता ओसरीवर चढली. माझ्याजवळ आली आणि माझ्या ओटीकडं बघितलं. गोधडीचं टोक जरा उचललं. मी अगदी हळू म्हटलं, "हललं आत्ता. हात लावून बघ."

तिनं बाळ एका हातावर घेतलं, दुसरा हात भुश्यात घातला. एक अंडं काढलं, कानाला लावलं. दुसरं काढलं. मग माझा तळवा धरला आणि तसाच धरून ठेवला, वैद्य धरतो तसा. टकटक तिथंच होती. माझीच नाडी होती ती.

"ही मी आणली तेव्हाच गार होती, आत्याबाई," ती म्हणाली. "नर बसला नाही त्यांच्यावर."

"मग ठेवलीस कशाला कोंबडीखाली?"

"तिथं टाकून येववेना."

"आणि मला बघायला सांगून गेलीस?"

तिनं गाठोडं माझ्या ओटीतून उचललं, बाजूला भिंतीशी ठेवलं. भुश्याची ऊब माझ्या ओटीत अजून होती. त्या उबेत तिनं बाळ ठेवलं आणि आत निघून गेली.

आता ती नात नववीत आहे. मुली ज्या वयात घरातल्यांची उलटतपासणी घेतात त्या वयात. गेल्या श्रावणात बांधावरून आली ती पाय आपटतच.

"आजी, तुळसाआजी म्हणते, मी झाले तेव्हा तू मला ओवाळायला उठली नव्हतीस. मुलगी झाली म्हणून. खरं आहे?"

आत वैजयंता भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज थांबला. आता ही सांगेल, असं मला वाटलं. सांगावं असंही वाटलं. पण इतक्या वर्षांत तिनं माझ्याबद्दल कुणाला काही सांगितलं नव्हतं, आणि माझ्याकडं पुन्हा काही मागितलंही नव्हतं. साधी मिठाची चिमूटसुद्धा नाही.

"खरं आहे," मी नातीला म्हटलं. "नव्हते उठले."

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ती पाय आपटतच निघून गेली. आत भाकरी परत थापायला सुरुवात झाली.